खारीने हरायचं ठरवलं

एका जंगलात बुद्धिबळ शिरलं. कुठल्या जंगलात ते विचारू नका. नाव घेतलं की तिथली मंडळी भांडायला येतात, आमच्याकडे असलं काही नाही म्हणून. नीट मांडी घालून बसा. आणि तो मागचा, खिडकीबाहेर बघू नकोस. गोष्ट इकडे आहे.

तर बुद्धिबळ शिरलं ते असं. एक वाटसरू जंगलातून चालला होता. त्याला सिंहाची डरकाळी ऐकू आली. वाटसरू पुढे पळाला, पिशवी मागे राहिली. पिशवीत एक पट निघाला, बत्तीस सोंगट्या निघाल्या आणि नियमांचं एक पुस्तक निघालं. जंगलात वाचता येणारा एकच प्राणी होता, घुबड. निदान त्याचा चेहरा पाहून सगळ्यांना तसं वाटायचं.

घुबडाने पुस्तक चाळलं आणि सिंहमहाराजांना सांगितलं, "महाराज, या खेळात राजा एका वेळी एकच घर चालतो. आणि त्याच्यासाठी बाकीचे सगळे मरतात."

"वा!" महाराज म्हणाले. "कुणा जाणत्याने काढलेला खेळ दिसतो. उद्यापासून चालू करा."

आणखी एक कारण होतं. ते महाराजांनी सांगितलं नाही, मी सांगतो, पण तुमच्यापाशी ठेवा. बुद्धिबळ शिकलेलं हरीण सिंह दिसला की लगेच पळत नाही. ते उभं राहून विचार करतं. मी डावीकडे गेलो तर हा काय करेल? उजवीकडे गेलो तर? असं करत ते चौथ्या चालीपर्यंत पोचतं, तोवर महाराजांचं जेवण झालेलं असतं.

झालं! बिळाबिळात पट मांडले गेले. घुबडाला सगळे घुबडसर म्हणू लागले. सर दिवसभर डोळे मिटून शिकवायचे. पालक म्हणायचे, केवढा गाढ विचार!

माणसांचे नियम जंगलाला जसेच्या तसे लागू पडेनात. ते बदलायचं काम पंचांकडे आलं. पंच म्हणजे सोंडेकर नावाचे हत्ती. फार सरळ गृहस्थ. पटावरचा हत्ती सरळ चालतो ना, अगदी तसे. वाटेत वारूळ आलं तरी वळायचे नाहीत. त्यामुळे मुंग्यांचं त्यांच्याबद्दल मत बरं नव्हतं.

पुस्तकात लिहिलं होतं, सोंगटीला हात लावला की तीच खेळायची. पण जंगलात हात आहेत किती जणांना? कुणाला सोंड, कुणाला चोच, कुणाला खूर. म्हणून सोंडेकरांनी नियम केला, 'ज्याला अंग लागलं, त्याला सोडून दुसरीकडे जायचं नाही.' वेळेचा नियम त्यांनी केलाच नाही, कारण जंगलात घड्याळ नव्हतं. एका कासवाने एका चालीला दोन पावसाळे घेतले. समोर बसलेला उंदीर तेवढ्यात आजोबा झाला. त्याने तक्रार केली, तेव्हा सोंडेकर म्हणाले, "नियमात बसतं." आणि स्वतः दोन पावसाळे तिथेच उभे राहिले.

एक नियम महाराजांनी घातला. मात झाल्याशिवाय उठायचं नाही. जो मध्येच हार मानेल, त्याचं सगळं बिऱ्हाड जंगलाबाहेर.

हे नियम लक्षात ठेवा. मला पुन्हा सांगायला लावू नका.

त्या जंगलात झुपकी नावाची एक खार होती. वयाने लहान, शेपटीने मोठी. चिंचेच्या झाडाखाली राहायची. खाली म्हणजे खालीच. झाडावर नाही.

आता तुम्ही म्हणाल, खार आणि झाडाखाली? अहो, हेच तर रडगाणं आहे. झुपकी दोन पावसाळ्यांची असताना तिने एका बोक्याला सहा चालींत मात दिली. तिचे वडील, तुरतुरे आप्पा, त्या दिवसापासून बदलले. ते तिला घुबडसरांकडे घेऊन गेले. सर एक डोळा उघडून म्हणाले, "पोरीत गुण आहेत. पण झाडावर चढणं बंद करा. चढलं की डोक्यातलं रक्त पायात उतरतं."

बंद म्हणजे बंद. चार पावसाळे झाले, झुपकीने फांदीला पंजा लावला नव्हता. तिची नखं आप्पा स्वतः दगडावर घासून बोथट करायचे, पटावर ओरखडे नकोत म्हणून. चिंचा पिकायच्या दिवसांत वरून वास यायचा. अर्धी कच्ची, अर्धी पिकलेली, गाभुळलेली चिंच. आहे का कुणाच्या तोंडाला पाणी? तसंच झुपकीच्याही सुटायचं. आप्पा खाली पडलेल्या चिंचा पुसून, बिया काढून तिच्यापुढे ठेवायचे. त्या तिला गोड लागायच्या नाहीत आणि आंबटही लागायच्या नाहीत. पडलेल्याच लागायच्या.

"आप्पा, एकदाच शेंड्यापर्यंत जाऊन येऊ?"

"विजेती हो. मग काय हवं ते कर."

असं आप्पा चार पावसाळे सांगत होते. आणि झुपकी बिचारी खरं मानून खेळत होती.

दरवर्षी जंगलात पोरांची स्पर्धा व्हायची. जिंकेल त्याला सोंडेकरांच्या पाठीवर बसवून काळ्या टेकडीवर न्यायचे. तिथे महाराजांची बुद्धिबळाची शाळा होती. तिथेच राहायचं, तिथेच शिकायचं, सात पावसाळे. या वर्षी एकेकाला हरवत झुपकी अंतिम डावापर्यंत आली. समोर होता कंट्या.

कंट्या म्हणजे साळिंदराचं पोर. खरं नाव कंटकराज, पण त्या नावाने त्याला फक्त त्याची आई हाक मारायची, तीही पाहुण्यांसमोर. कंट्याचे काटे खुळखुळायचे. खेळताना समोरच्याला त्रास होतो म्हणून साळिंदरबाईंनी त्याचे काटे वेलींनी करकचून बांधले होते. कंट्याला जमीन उकरायची भारी हौस. तीही बंद. उकरणाऱ्याच्या पंजाने पटावर माती सांडते ना!

अंतिम डावाच्या आदल्या दिवशी काय झालं, तर गेल्या वर्षीचा विजेता ससा टेकडीवरून सुट्टीला घरी आला.

त्याला बघायला सगळं जंगल लोटलं. झुपकी आणि कंट्या पुढे जाऊन उभे राहिले. ससा आला. तो दोन पावलं सरळ यायचा आणि अर्धं पाऊल बाजूला सरकायचा. पुन्हा दोन सरळ, पुन्हा अर्धं बाजूला.

"असा का चालतोस रे?" झुपकीने विचारलं.

"कसा?" ससा म्हणाला.

त्याच्या आईने त्याच्यापुढे कोवळं गवत ठेवलं. सशाने गवताकडे पाहिलं. मग आईकडे पाहिलं. "हे मी खाल्लं तर तू काय खाशील?" त्याने विचारलं.

"अरे, तुझ्यासाठीच आणलंय, सोन्या!"

"फुकट देतेयस म्हणजे काहीतरी डाव आहे," ससा म्हणाला आणि गवताभोवती अडीच-अडीच घरांनी फिरत राहिला. संध्याकाळ झाली तरी त्याने तोंड लावलं नव्हतं. त्याची आई पदराने, नव्हे, कानाने डोळे पुसत होती. ती म्हणत होती, "हुशार झालाय हो माझा."

झुपकीला पुढचं बघवेना. ती मागे वळली. मागे डबकं होतं. डबक्यात गेल्या वर्षी अंतिम डाव हरलेलं रानडुकराचं पोर पडलं होतं. नाकापर्यंत चिखलात आणि तोंडावर हसू.

"तुझे बाबा रागावत नाहीत?" झुपकीने विचारलं.

"त्यांनी माझा नाद सोडलाय," ते म्हणालं. "म्हणाले, कुठेही जाऊन लोळ. मी लोळतोय."

झुपकी घरी आली.  आप्पांनी विचारलं, "उद्याच्या डावाचा विचार करतेयस ना?" ती हो म्हणाली, आणि ते खोटं नव्हतं. तिने ठरवून टाकलं होतं. उद्या हरायचं. मन लावून हरायचं. हरली की आप्पा नाद सोडतील, आणि मग झाड आपलंच.

आता ऐका. इथून पुढे मजा आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी कातळावर पट मांडला. एका बाजूला महाराज, एका बाजूला पालक. कातळाशेजारच्या एका झाडाच्या खोडाशी सुतारपक्षी बसला. प्रत्येक चाल खोडावर टोचून ठेवायचं काम त्याचं. फांदीवर पोपट बसला. तो समालोचक. त्याच्या शेजारी घुबडसर डोळे मिटून विचारात गढले. थोड्या वेळाने त्यांचं घोरणं ऐकू येऊ लागलं.

"बोलायचं नाही. खाणाखुणा नाहीत. ज्याला अंग लागलं, त्याला सोडून दुसरीकडे जायचं नाही. सुरू करा," सोंडेकर म्हणाले.

पांढऱ्या सोंगट्या झुपकीच्या. तिने तिसऱ्याच चालीला एक प्यादं कंट्याच्या तोंडात दिलं. खा म्हणावं.

कंट्याने खाल्लं नाही. त्याने आपला घोडा आणून झुपकीच्या प्याद्याच्या तोंडात दिला. खा म्हणावं.

झुपकीने खाल्लं नाही. तिने उंट पुढे केला. कंट्याने त्याच्याकडे ढुंकून पाहिलं नाही आणि आपला उंट पुढे केला.

"अहाहा!" पोपट ओरडला. "काय हा त्याग! आणि काय ते वैराग्य! दोघंही समोरचं फुकटचं घेत नाहीत. जंगलात असं कधी पाहिलं नव्हतं!"

"खरंय," महाराज म्हणाले. त्यांनी तर नव्हतंच पाहिलं.

झुपकीने मान वर केली. कंट्या तिच्याकडेच बघत होता. तिने ओठ न हलवता विचारलं, "ए कंट्या, तू हरायला बसलायस का?"

"तुला काय करायचंय?"

"मी हरणार आहे. मी आधी ठरवलंय."

"मी काल सशाला बघितल्याबरोबर ठरवलं," कंट्या कुजबुजला. "तू कधी ठरवलंस?"

"घरी जाता जाता."

"बघ! मी आधी."

"झुपके, मला नदीकाठची ती मऊ जमीन उकरायचीय गं," तो पुढे म्हणाला. त्याचा आवाज रडवेला झाला. "चार पावसाळे नुसती बघतोय मी."

झुपकीला वाईट वाटलं. खरंच वाटलं. पण तिला चिंचही आठवली.

"बोलायचं नाही," सोंडेकर म्हणाले.

मग जो काही डाव झाला! मुलांनो, जिंकायला बसलेले खेळाडू तुम्ही पुष्कळ पाहिले असतील. हरायला बसलेले दोन एकमेकांसमोर आले की काय होतं, ते त्या दिवशी जंगलाने पाहिलं आणि कुणाला काही कळलं नाही. हा द्यायला जायचा, ती घ्यायची नाही. ती मरायला यायची, हा मारायचा नाही. पालकांच्या छात्या अभिमानाने फुगत होत्या.

पण डोकं झुपकीचं जास्त चालायचं, ते काही लपत नाही. तिच्या लक्षात आलं, नुसतं देऊन भागणार नाही. घ्यायला भाग पाडायला हवं. तिने आपला वजीर उचलला आणि थेट कंट्याच्या राजाशेजारी नेऊन ठेवला. वजिराच्या मागे कुणी नाही, पुढे कुणी नाही.

"शह," ती म्हणाली.

कंट्याने पटाकडे पाहिलं. राजाला पळायला घर नव्हतं. वजीर खाण्यावाचून उपाय नव्हता. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. त्याने वजीर खाल्ला.

"वजीर दिला!" पोपट किंचाळला. "वजीर दिला! हा खोल डाव आहे! मला कळलेला नाही, म्हणजे फारच खोल आहे!"

तुरतुरे आप्पांनी शेजारच्या मुंगुसाला कोपराने ढोसलं. "घरी सराव करून घेतलेलं आहे हे," ते म्हणाले. करून बिरून काही घेतलेलं नव्हतं.

कंट्याने पुढच्या चालीला तसाच सूड घेतला. त्यानेही आपला वजीर शह देत झुपकीच्या राजापुढे आणून आदळला. झुपकीला खावा लागला. पण तिने लगेच आपला एक घोडा दुसऱ्या शहात घालवला. कंट्याला हे जमेना. तो एक द्यायचा, ती दोन द्यायची. दुपार होता होता झुपकीकडे राजा आणि चार फुटकळ सोंगट्या उरल्या. कंट्याकडे हत्ती होता आणि प्यादी होती.

तरी मात होईना. कंट्या हत्तीला हातच लावायचा नाही. एक प्यादं इकडे, राजा तिकडे, असा तो वेळ काढत होता.

तेव्हा झुपकी विचार करायला बसली. शेपटी पाठीवर घेऊन, डोळे बारीक करून बसली. तिने बारा चाली पुढचं पाहिलं. मग ती उरलेल्या सोंगट्या एकेक करून देऊ लागली. प्रत्येक वेळी शह, आणि प्रत्येक वेळी सोडवायला एकच वाट, प्याद्याने खायचं. खाता खाता कंट्याची प्यादी हत्तीच्या जवळ जवळ सरकली. एक डावीकडे आलं. एक उजवीकडे आलं. एक मागे येऊन बसलं. हत्तीला पुढचं एकच घर मोकळं राहिलं. हत्ती त्या घरात गेला की झुपकीला मात.

कंट्याने ते पाहिलं आणि घाईघाईने राजा हलवायला पंजा पुढे केला.

पंजा राजापर्यंत पोचायच्या आत झुपकीने शेपटी झटकली. आपली झटकली हो, माश्या येतात म्हणून. ती मऊ, झुपकेदार शेपटी कंट्याच्या नाकावरून अलगद फिरली.

"आ... आ... आक्छी!"

केवढी शिंक! वेली तटातट तुटल्या. चार पावसाळे बांधलेले काटे खळ्ळकन उभे राहिले. एक काटा सुटला, हवेत फिरला आणि टक्कन पटावरच्या हत्तीच्या डोक्यावर पडला.

 सोंडेकर पुढे आले.

"हा काटा कोणाचा?"

"माझा," कंट्या म्हणाला.

"उपटला तर दुखतं?"

"दुखतं काका."

"मग अंगच ते. हत्तीला अंग लागलं. त्याला सोडून दुसरीकडे जायचं नाही."

"पण तिने शेपटीने..."

"शिंक आणू नये असा नियम नाही," सोंडेकर म्हणाले. "पुढच्या वर्षी करू."

कंट्याने हत्ती उचलला. एकच घर होतं. तिथे ठेवला. "मात," तो इतक्या बारीक आवाजात म्हणाला, की पोपटाला पुन्हा विचारावं लागलं.

साळिंदरबाईंनी आनंदाने उडी मारली आणि शेजारच्या रानमांजराला मिठी मारली. रानमांजर अजून ते विसरलेलं नाही. कंट्याच्या गळ्यात रानफुलांचा हार पडला. तो पहिल्याच काट्यात अडकून बसला.

तुरतुरे आप्पा झुपकीसमोर आले.  "चार पावसाळे!" ते म्हणाले. "चार पावसाळे मी माझं फळ तुला दिलं, माझं पान तुला दिलं. आणि तू वजीर फेकतेस? जा! माझ्यासमोरून जा! जाऊन बस त्या चिंचेवर!"

झुपकीने मान खाली घातली, कारण तिला हसू आवरेना. आपल्याला शिक्षा झाली आणि ती अगदी हवी तीच झाली, असं भाग्य कुणाला मिळतं हो? तिने दोन उड्या मारल्या. तिसरी मारणार, तेवढ्यात वरून आवाज आला.

"थांबा!"

घुबडसर जागे झाले होते. वाईट वेळेला जागं होण्यात शिकवणाऱ्यांचा हात कुणी धरणार नाही. सर उडून खोडाशी आले आणि सुतारपक्ष्याने टोचलेल्या चाली, शिंकेसकट, वाचू लागले. एकदा वाचल्या. पुन्हा वाचल्या. मग ते म्हणाले, "या पोरीला हरायचं होतं."

सगळीकडे हाहाकार झाला. आप्पा मटकन खाली बसले.

"महाराज, इथून बघा," सर म्हणाले. "बारा चाली. एकही इकडची तिकडे नाही. याची प्यादी गोळा केली, हत्ती कोंडला, शेवटी शिंकसुद्धा वेळेवर काढली. मी इतक्या वर्षांत इतकं सुंदर हरणं पाहिलेलं नाही."

महाराज उठले. खोडाभोवती एक फेरी मारून आले. झुपकीला वाटलं, आता आपलं बिऱ्हाड जंगलाबाहेर.

"हार मानली का हिने?" महाराजांनी विचारलं.

"नाही," सोंडेकर म्हणाले. "रीतसर मात झाली. नियमात बसतं."

"मग रागवायचं कशाला?" महाराज म्हणाले. "जी स्वतःला इतक्या शिस्तीत हरवते, ती पलीकडच्या जंगलातल्या वाघाच्या पोरांचं पटावर काय करेल! हिलाच टेकडीवर पाठवा."

"आणि माझा कंटकराज?" साळिंदरबाईंनी विचारलं.

"तो शिंकून जिंकला. त्याचा काय उपयोग? घरी न्या."

साळिंदरबाई रडू लागल्या. "आता हा आयुष्यात काय करणार हो?" त्यांनी मागे वळून पाहिलं. कंट्या जागेवर नव्हता. तिथे एक खड्डा होता आणि खड्ड्यातून माती वर उडत होती.

पाहिलंत? ज्याला धड हरताही आलं नाही, तो सुटला. जिने हरण्याचं सोनं केलं, ती अडकली. आप्पा टुणकन उठले. आजूबाजूच्यांना सांगू लागले, "मी म्हणत होतो ना, खोल डाव आहे म्हणून!"

झुपकीला सोंडेकरांच्या पाठीवर बसवलं. सर सोंडेकरांच्या डोक्यावर बसून पुन्हा विचारात गढले. आप्पा बाजूने ऐटीत चालू लागले. वाजतगाजत मिरवणूक निघाली. झुपकीला रडू फुटलं. तिला सात पावसाळे दिसत होते. आपण अडीच घरं चालत घरी येतोय, आप्पा चिंच पुढे करताहेत आणि आपण विचारतोय, "यात तुमचा काय डाव आहे?" असं सगळं तिला दिसलं. ती आणखी रडली.

"रडू नये," आप्पा म्हणाले. "विजेत्यांनी रडायचं नसतं."

"आप्पा, तुम्ही म्हणाला होतात, विजेती झाले की काय हवं ते कर."

"तू कुठे विजेती झालीस? तू तर हरलीस," आप्पा म्हणाले. आणि ते बरोबरच होतं. मोठ्यांचं नेहमी असंच बरोबर असतं.

टेकडीची वाट त्यांच्या घरावरून जायची. चिंचेखालून. झुपकीने डोळे पुसले. समोरून चिंचेची फांदी येत होती. वाटेवर वाकलेली, लोंबत्या चिंचांनी भरलेली. सोंडेकर एवढे उंच, की फांदी अगदी तिच्या डोक्यावरून जाणार होती.

या वेळी तिने बारा चाली मोजल्या नाहीत. एकसुद्धा मोजली नाही. तिने नुसता पंजा वर केला आणि फांदीला लावला.

सोंडेकर थांबले.

मिरवणूक एकमेकांवर आदळली. ढोल वाजवणारं अस्वल पुढच्या तरसावर पडलं.

"काय झालं?" आप्पांनी विचारलं.

"फांदीला अंग लागलं," सोंडेकर म्हणाले. "मला पाठीवर कळलं. ती ताणली गेली आणि फांदी हलली."

"मग?"

"ज्याला अंग लागलं, त्याला सोडून दुसरीकडे जायचं नाही."

"अहो, तो सोंगट्यांचा नियम आहे!" घुबडसर जागे होऊन ओरडले.

"नियमात 'सोंगटी' हा शब्द नाही," सोंडेकर म्हणाले. "नियम मी केला. मला पाठ आहे. पोरी, चाल कर."

झुपकीने फांदी धरली. लटकली. बोथट नखं सालीवरून घसरली आणि ती पडता पडता वाचली. खालून सगळे "अगं अगं" म्हणाले. तिने पुन्हा पाय मारले. एक पाय ठरला, मग दुसरा ठरला. मग चार पावसाळे कुठे गेले ते तिचं तिलाही कळलं नाही. ती सरसर वर गेली. थेट शेंड्याला. तिथे तिने एक गाभुळलेली चिंच तोडली आणि दातांनी टरफल फोडलं. ती इतकी आंबट होती, की तिचा एक डोळा मिटला आणि शेपटी ताठ झाली.

"झाली का चाल?" सरांनी खालून विचारलं.

"विचार करतेय," झुपकी वरून म्हणाली.

"किती वेळ?"

झुपकीने दुसरी चिंच तोडली. सोंडेकर बोलले. "कासवाला दोन पावसाळे दिले होते. खारीला कमी देता येणार नाही. नियम सगळ्यांना सारखा." आणि त्यांनी सोंडेने खालचा पाला ओढून खायला सुरुवात केली.

मिरवणूक थोडा वेळ थांबली आणि पांगली. सर झोपले. ऊन उतरलं. झाडाखाली आप्पा एकटे उरले. वरून टरफलं पडत होती. आप्पांनी इकडेतिकडे पाहिलं. घसा खाकरला.

"झुपके," ते हळूच म्हणाले. "आंबट आहे का गं?"

"खूप."

"एक टाक ना खाली."

"खाली पडलेली चांगली लागत नाही, आप्पा," झुपकी म्हणाली. "वर येऊन खा."

आप्पांनी बुंध्याकडे पाहिलं. मग आपल्या नखांकडे पाहिलं. झाडावर चढून त्यांनाही चार पावसाळे झाले होते. शेजारच्या जमिनीतून मातीने माखलेलं एक नाक बाहेर आलं. ते कंट्याचं होतं.

"काका, एकदा बुंध्याला अंग लागू द्या," कंट्या म्हणाला. "मग तुमचा नाइलाजच आहे."

आप्पांनी बुंध्याला पंजा लावला. सोंडेकरांनी चघळता चघळता मान डोलावली.

ही गोष्ट झाली त्याला आता किती दिवस झाले, मला ठाऊक नाही. सोंडेकर अजून तिथेच उभे आहेत. झुपकीची चाल अजून व्हायची आहे.

तात्पर्य: मुलांनो, कुठलंही काम कधी मन लावून करू नये. हरण्याचंसुद्धा नाही. मन लावून केलेलं काम कुणाच्या तरी डोळ्यांत भरतं आणि मग सुटका नसते. आणि तुमच्या भल्यासाठी तुम्हाला कुणी कुठे घेऊन निघालं, तर वाहनातून हात बाहेर काढावा.